चपलेने अडवलेलं दार

आमच्या सोसायटीने माझा सत्कार मी काही करायच्या आधीच करून टाकला. सगळा घोळ तिथे झाला.

नौपाड्यातल्या विशेष मुलांच्या शाळेत मी सतरा वर्षं शिकवत होते. एक दिवस शाळेत फिनलंडच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची माहिती आली. शिष्यवृत्ती होती आणि वयाची अट नव्हती. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अर्ज करून ठेवा." मी करून ठेवला. अर्ज करून ठेवण्यात मी तरबेज आहे. सरकारी घरांच्या सोडतीत आमचा अर्ज दर वेळी असतो, आणि घर कधी लागत नाही म्हणून मन शांत असतं. हे मात्र लागलं. लग्नानंतरची म्हैसूर-उटी हा जिचा सगळ्यात लांबचा प्रवास, ती बाई वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी शिकायला परदेशी निघाली.

डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत ही बातमी माझ्याआधी पोचली असावी. खालच्या पार्किंगमधल्या स्कूटर हलवून खुर्च्या मांडल्या गेल्या. मागे 'गगनभरारी' असा फलक, त्यावर माझा फोटो. हा फोटो ह्यांनी घाईत पाठवलेला, आधार कार्डवरचा. त्यात मी गगनभरारीपेक्षा जामिनावर सुटल्यासारखी दिसत होते. चेअरमन बोलले, "आपल्या वहिनी परदेशात आपल्या सोसायटीचं नाव काढणार!" माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई पुटपुटल्या, "आधी टाकीतला गाळ काढा म्हणावं." मग शाल, श्रीफळ, टाळ्या. श्रीफळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. शाल मी बॅगेत घातली, थंडीत उपयोगी पडेल म्हणून.

शाल पांघरलेल्या माणसाला अर्ध्यावरून परत येता येत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

विमानात मी फार वेंधळेपणा केला नाही. जेवण झाल्यावर शेजारच्या दोघांचे ट्रे आवरले, एकात एक घालून हवाईसुंदरीच्या हातात दिले, एवढंच. तिने ते पुन्हा वेगळे केले. पुढे वर्षभर माझं काय होणार, याची ती सूचना होती. पण मी खिडकीतून ढग बघत होते.

विद्यापीठाने मला विद्यार्थ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली. पलंग, टेबल, ओट्याएवढं स्वयंपाकघर, सगळं स्वच्छ आणि पांढरं. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना सात-सात दारं आणि सगळी बंद. पहिल्या दिवशी मला वाटलं, सुट्टी असेल.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दार सकाळी दुधाच्या पिशव्या आत घेताना उघडतं, ते रात्री झोपताना बंद होतं. मध्ये फक्त जाळीचा दरवाजा असतो. दार दिवसा बंद दिसलं की त्याला कारण असावं लागतं. एक तर गावाला गेलेत, नाहीतर भांडण चाललंय, नाहीतर काहीतरी वाईट झालंय. समोरच्या वहिनी तर दहा मिनिटं दार बंद दिसलं तरी बेल वाजवून विचारतात, "बरं आहे ना सगळं?" मी बाथरूममध्ये असते म्हणून दार लावलेलं असतं, पण ते आतून ओरडून सांगावं लागतं.

तेव्हा मी फिनलंडला गेल्यावर काय केलं असेल? दार उघडं ठेवलं. ते दार आपोआप बंद होणारं होतं, जड होतं. मग माझी कोल्हापुरी चप्पल फटीत आडवी घातली. त्यातून वीतभर कॉरिडॉर दिसायचा. चहा केला की आल्याचा वास त्या फटीतून बाहेर जाईल, कुणीतरी डोकावेल, 'काय करताय?' म्हणेल, मी म्हणेन, 'या ना, घोटभर घ्या.' पहिल्या दिवशी मी चहा दोन कपांचा टाकला. दोन्ही कप मीच प्यायले.

मग रोज एक गोष्ट व्हायला लागली. मी ओट्याशी किंवा पुस्तकात असताना बाहेर पावलं वाजायची, दाराशी थांबायची. मी आशेने मान वर करायची. एक बूट हलकेच आत यायचा, माझी चप्पल अलगद आत सरकवायचा आणि दार बंद व्हायचं. अगदी सभ्यपणे, आवाज न करता. मी पुन्हा उठून चप्पल अडकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे शेजारच्या खोलीतल्या मुलीचं काम होतं. तेवीस-चोवीस वर्षांची, उंच, पांढऱ्या भुवयांची. लिफ्टमध्ये एकदा मी तिला विचारलं, "जेवलीस का?" इंग्रजीत, पण आपल्याच मायेने. तिने दोन मजले विचार केला आणि उत्तर दिलं, "हो. अकरा वाजता. पास्ता." मग दार उघडलं आणि ती गेली.

लोक वाईट नव्हते हो. वाट विचारली तर बरोबर चालत येऊन दाखवायचे. पण वाट दाखवून झाली की संपलं. बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून दोन-दोन हात लांब उभी राहायची. मला वाटलं, माझ्याच अंगाला हिंगाचा वास येतोय. मग पाहिलं तर ती एकमेकांपासूनही तेवढीच लांब होती. वर्गात प्राध्यापिका प्रश्न विचारायच्या आणि सगळे गप्प बसायचे, विचार करत. ती शांतता माझ्याच्याने सोसवायची नाही. मीच काहीतरी बोलून ती भरून काढायची आणि मग लक्षात यायचं, मी बोलले त्यात विचार नव्हता, नुसता आवाज होता.

आणि तिथे सगळे मला माझ्या नावाने हाक मारायचे. गंमत वाटेल, पण डोंबिवलीत वीस वर्षांत माझं नाव कुणी घेतलेलं नाही. शाळेत मी बाई, इमारतीत वहिनी, भाजीवाल्याची ताई, रिक्षावाल्याची मॅडम, घरात 'अगं'. तिथे प्राध्यापिकेपासून ग्रंथालयातल्या माणसापर्यंत सगळे नाव घ्यायचे आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, मागे कुणीतरी दुसरी उभी आहे. मी तिथे कुणाचीच कोणी नव्हते.

घरी मी काय सांगत होते? तर सगळं झकास चाललंय. खोटं बोलायला मी सुरुवात केली नव्हती, ती शालीने केली. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतंय फिनलंड?" तिथे काय लिहू? 'फिनलंड काहीच म्हणत नाही'? मग मी लिहायची, इथे खूप माणसं जोडली. शेजारची मुलगी तर माझ्याकडे थालीपीठ खायला येते. सगळे अंगठे वर करायचे.

रोज संध्याकाळी मी घरी व्हिडिओ कॉल करायची. हिवाळ्यात तिथली घड्याळं बदलली तेव्हापासून डोंबिवलीचे सात म्हणजे माझे साडेतीन. डिसेंबर लागेपर्यंत तिथे साडेतीनलाच अंधार पडायला लागला. म्हणजे दिवेलागण दोन्हीकडे एकाच वेळी व्हायची. घरी फोन ओट्यावर तुरीच्या डब्याला टेकवून ठेवत. सुरुवातीला पाच मिनिटं माझी चौकशी व्हायची, मग सगळे आपापल्या कामाला लागायचे आणि मी तिथेच, डब्याला टेकलेली. मला पंखा दिसायचा, सासूबाईंची हनुवटी दिसायची, मधूनच हे पाणी प्यायला यायचे तेव्हा शर्टाचं तिसरं बटण दिसायचं. कुकरच्या शिट्ट्या मी इकडे मोजायची. चौथी झाली की ओरडायची, "अहो, गॅस बंद करा!" पण तोवर कुणीतरी केलेलाच असायचा.

तेच जरा लागायचं. माझ्याशिवाय ह्या घराचं पान हलत नाही, असं मी वीस वर्षं समजत होते. पानं व्यवस्थित हलत होती. अकरावीतली लेक स्वतःचा डबा भरून घेत होती, ह्यांना आमटी जमायला लागली होती, सासूबाईंनी भिशीची तारीखसुद्धा बदलून घेतली होती. एकदा सगळे बाहेरच्या खोलीत जेवायला गेले आणि फोन ओट्यावरच विसरले. चाळीस मिनिटं मी आमच्या स्वयंपाकघराचं छत बघत बसले. एका कोपऱ्यात जळमट होतं. फोन मी ठेवला नाही. शेवटी लेक ताटं ठेवायला आली आणि दचकली. "मम्मी! तू अजून आहेस?"

"आहे," म्हटलं. "जळमट काढा."

त्याच आठवड्यात मी विभागाच्या कार्यालयातून अभ्यासक्रम सोडण्याचा फॉर्म आणला. सुट्टीसाठी विद्यापीठ बंद व्हायच्या आत तो दिला की जानेवारीत मी डोंबिवलीला परत. फॉर्म सोपा होता, एका पानाचा. कारणाची जागा दोन ओळींची होती. तिथे काय लिहायचं ते सुचत नव्हतं, म्हणून तो टेबलाच्या खणात पडून होता. आणि परत जाऊन चेअरमनना कोणत्या तोंडाने भेटायचं, तेही सुचत नव्हतं.

शेवटचे तीन दिवस उरले असताना सकाळी दारावर टकटक झाली. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. मी शाल नीट केली, केस सारखे केले, चहाचं पाणी ठेवू की आधी दार उघडू अशी दोनदा इकडून तिकडे झाले आणि दार उघडलं. बाहेर इमारतीच्या देखभालीचा माणूस. पन्नाशी उलटलेला, दाराएवढा रुंद, हातात हत्यारांची पेटी आणि एक कागद.

"दार," तो म्हणाला. "बंद होत नाही. तक्रार आहे."

शेजारच्या मुलीने कळवलं होतं, माझ्या काळजीपोटी. बिचाऱ्या बाईचं दार बिघडलंय, तिला चप्पल लावून ठेवावी लागते.

त्याने बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि आत आला. दार उघडलं, सोडलं, ते बंद झालं. पुन्हा उघडलं, सोडलं, पुन्हा बंद झालं. बिजागरी तपासली, कुलूप तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला आमच्या शाळेतल्या मुलांसारखं वाटलं, काहीतरी सांडल्यावर वाटतं तसं.

"दार चांगलं आहे," मी म्हटलं. "मीच उघडं ठेवते."

"का?"

"आमच्याकडे दार उघडं असतं. म्हणजे कुणी आलं तर..."

तो कॉरिडॉरमध्ये गेला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाकीची सगळी दारं बंद. परत येऊन त्याने अगदी मनापासून विचारलं, "कोण?"

बस, एवढंच. थट्टा नव्हती त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, कोण येणार आहे. सतरा वर्षं शिक्षिका असून मला एका शब्दाच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

त्याने मग कागदावर काहीतरी लिहायला हवं म्हणून बिजागरीला तेल घातलं. मी आल्याचा चहा केला. तो खुर्चीच्या कडेवर बसला, दोन्ही हातांत कप धरून. काही बोलला नाही. मीही, काय आश्चर्य, बोलले नाही. शाळेत नवीन मूल येतं तेव्हा पहिले काही दिवस आम्ही त्याच्याकडून काही मागत नाही, नुसतं जवळ बसतो. तसा तो बसला. चहा संपवून "तिखट," म्हणाला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि गेला. जाताना माझी चप्पल भिंतीशी नीट जोडून ठेवली आणि दार लावून घेतलं.

दुपारी साडेतीनला मी घरी फोन केला. मला काही झालं की त्याची गोष्ट केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि गोष्टीत मीच मूर्ख ठरते, हा माझा हातखंडा प्रकार. तर मी सुरू केलं. चप्पल, ती आत सरकवणारा बूट, तक्रार, निळ्या पिशव्या, दार उघड-बंद करणारा तो भला माणूस. त्याचा आवाज काढून दाखवला. लेक हसून हसून ओट्याला टेकली. हे पाण्याचा ग्लास हातात घेऊन हसत होते, तिसरं बटण हलत होतं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे काय गं," त्या म्हणाल्या, "साडेतीन महिने दार उघडं टाकून बसलीस आणि आलं कोण? तर तेल घालणारा?"

लेकीचं हसू थांबलं. "पण मम्मी, ती शेजारची मुलगी येते ना? थालीपीठ खायला?"

"ती..." मी म्हटलं, "ती दार लावायला यायची."

कुकरची एक शिट्टी झाली. कुणी हललं नाही. मग ह्यांनी फोन उचलला, आणि किती दिवसांनी मला बटणाऐवजी चेहरा दिसला.

"अगं, परत यायचंय का तुला?"

मी खणातला फॉर्म काढून कॅमेऱ्यासमोर धरला. तेवढंच जमलं.

"कधी द्यायचा?"

"परवापर्यंत."

"मग येते म्हणून सांग ना. त्यात काय!"

"आणि शाल?" मी म्हटलं. खरंच म्हटलं. रडत होते आणि शालीचं विचारत होते.

"शालीचं कसलं घेऊन बसलीस?" मागून सासूबाई कडाडल्या. "धुऊन परत देऊ चेअरमनला! यायचं तर स्वतःसाठी ये, राहायचं तर स्वतःसाठी राहा. त्या बोहारणीच्या शालीसाठी एक दिवस राहू नकोस." मग म्हणाल्या, "मी इथे नवीन आले ना, तेव्हा इमारतीत आपलं एकच बिऱ्हाड होतं. बाकी सगळे फ्लॅट रिकामे. हा शाळेत, हे कामावर. मी दिवसभर दार उघडं ठेवून बसायची. कोण यायचं? मांजर." मेथीचे हात पदराला पुसत त्यांनी मुलाच्या हातातून फोन घेतला. "परवा ठरव काय ते. आज दारात बस."

मला कळेना. पंखा फिरला, भिंत फिरली, देवघर उलटं दिसलं. मग फोन स्थिर झाला. त्यांनी तो बाहेरच्या खोलीत चपलांच्या स्टँडवर ठेवला होता, दाराकडे तोंड करून. समोर आमचा जाळीचा दरवाजा, पलीकडे जिना, समोरच्या वहिनींचं तोरण. कुणाच्या तरी घरात लसणाची फोडणी पडली होती. ती दिसते थोडीच, पण त्या चुर्र आवाजावरून मला वास आला.

पाचेक मिनिटांत समोरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन वर आल्या, जाळीला नाक लावून आत बघायला लागल्या.

"अगंबाई! ह्या इथे काय करतायत चपलांच्यात?"

"दारात बसल्ये," सासूबाई आतून म्हणाल्या.

"असं होय! काय हो वहिनी, जेवलात का?"

"हो," मी म्हटलं. "अकरा वाजता. पास्ता."

"पास्ता? आणि नाक का लाल झालंय? थंडी फार आहे का?"

"फार," म्हटलं.

त्या तिथेच पायरीवर टेकल्या आणि मटार कसे महाग झालेत ते सांगायला लागल्या. मग वरच्या मजल्यावरचे काका उतरले, त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. कपडे वाळत घालायचा दांडा दुरुस्त करायला आलेला माणूस चुकून आमच्या मजल्यावर आला, त्याने मला पत्ता विचारला. मी फिनलंडहून त्याला चौथ्या मजल्यावर पाठवला.

फॉर्म मी दिला नाही. यात माझा पराक्रम काही नाही. त्या कारणाच्या दोन ओळींत काय लिहायचं ते मला तीन दिवसांतही सुचलं नाही, आणि परवाचा दिवस निघून गेला. एकटेपणा गेला असंही नाही. सकाळी चहा एकाच कपाचा टाकायला मी शिकले. चप्पल भिंतीशीच राहिली. बर्फात बसथांब्यावर मीही माणसांपासून दोन हात लांब उभी राहायला लागले आणि एक दिवस लक्षात आलं की मला ते टोचत नाहीये, तेव्हा उलट जास्तच वाईट वाटलं. पण साडेतीन वाजले की मी खोलीत असायची. पुस्तक उघडून, फोन टेबलावर, समोर मानपाड्याचा जिना. कुणी बोलायचं, कुणी नुसता हात करून जायचं. कधी कधी कुणीच यायचं नाही. मग मी रिकाम्या जिन्याकडे बघत निबंध लिहायची. कुणीतरी येईल असा जिना समोर असला की लिहिणं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी माझ्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. बारीक, सरळ अक्षर. शेजारच्या मुलीचं. मी ती घरी सगळ्यांना वाचून दाखवली, मराठीत करून:

'नमस्कार. तुमच्याकडे रोज दुपारी बरेच पाहुणे येतात, याचा मला आनंद आहे. फक्त परीक्षा असल्यामुळे, त्यांना थोडं हळू बोलायला सांगाल का?'

जाळीपलीकडे समोरच्या वहिनी एकदम गप्प झाल्या. मग कुजबुजत म्हणाल्या, "आपल्याला म्हणतेय का ती?"

"मग आणखी कुणाला?" सासूबाई म्हणाल्या, पण त्याही हळूच.

जूनमध्ये मी परत आले. अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र ह्यांनी लॅमिनेट करून घेतलंय, ते दिवाणखान्यात आहे. चिठ्ठी कपाटात आहे, त्या शालीच्या घडीत. शाल सासूबाईंनी कुणाला देऊ दिली नाही.